50 मिमीची ऑटोफोकस लेन्स घ्यावी का जुनी हेलिओस?

मिररलेस कॅमेरा घेतल्यापासून ओळखीतले दोघं-तिघं हेच विचारायलेत. हेलिओस म्हणजे हातानं रिंग फिरवून फोकस करायची जुनी सोव्हिएत लेन्स. माझ्याकडं दोन्ही आहेत, दोनेक वर्षं वापरायलोय, म्हणून सांगतो.

लग्न, हळद, पळणारी लेकरं असलं काही असेल तर विचारच करू नका, ऑटोफोकस घ्या. डोळा धरते अन् सोडत नाही. भाचीच्या हळदीत मी हेलिओस 44-2 एफ 2 वर, म्हणजे पूर्ण उघडून बसलो होतो, तिथं फोकसची पट्टी अगदी पातळ, निम्म्या फोटोंत कान शार्प अन् डोळे मऊ. पीकिंगच्या (फोकस कुठं बसलाय ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या) लाल रेघा भुवईवर पण चमकतात, डोळ्यावर पण, अन् मोठं करून बघेपर्यंत हळद लावून झालेली असते. वर कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनला (हात हलला तर सावरणाऱ्या सोयीला) लेन्सची फोकल लेंग्थ हातानं भरावी लागते, हेलिओसची 58 मिमी; मी एकदा आधीची 135 तशीच ठेवली अन् दुपारभर हललेले फोटो घेऊन घरी आलो.

तरी पण.

वेरूळला 10 नंबरच्या लेण्यात दुपारनंतर वरच्या गवाक्षातून ऊन आत येतं. तिथं मी ऑटोफोकस लेन्सच्याच रिंगनं एका खांबावर फोकस करून ठेवला, म्हटलं कुणीतरी उजेडात येईल तेव्हा दाबू. पंधरा मिनिटं गेली, कॅमेरा झोपला. लाल लुगड्यातली एक आजी बरोबर तिथं येऊन उभी राहिली, मी बटण दाबून कॅमेरा उठवला तर फोकस भलतीकडंच! त्या लेन्सची रिंग नुसती आतल्या मोटरला हुकूम देते, कॅमेरा बंद पडला की जागा विसरते. सगळ्याच लेन्स अशा असतील असं नाही, पण माझी आहे, अन् आजी काय थांबत नसते.

हेलिओसची रिंग जिथं सोडली तिथंच राहते, बॅटरी काढा नाहीतर रात्रभर बॅगेत ठेवा. मागच्या पानांचा तो गोल फिरलेला ब्लर वगैरे बोनस समजा, दहा फोटोंनंतर त्याचा कंटाळाच येतो.

निकॉनचा जुना डीएसएलआर असेल तर मात्र जपून, हेलिओसच्या एम 42 या आट्यांच्या माउंटला सेन्सरपासून 45.46 मिमी अंतर लागतं अन् तिथं माउंटच 46.5 वर आहे, म्हणजे साध्या अडॅप्टरवर लांबचं शार्प येणारच नाही. मिररलेसला ही भानगड नाही.

सेकंडहँड घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून बुरशी बघा, अन् रिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा. माझी मध्येच अडकते, थंडीत जास्त.