चित्र लख्ख, आघात भलतीकडे

बास्केटबॉलचा गेला अख्खा सीझन एका लिथुआनियन क्रीडावाहिनीचं ॲप पैसे भरून वापरलं. चित्र लख्ख, रीप्ले वेळच्या वेळी, ऐन चौथ्या क्वार्टरमध्येही कधी अडकलं नाही. त्याला पाचपैकी पाच. समालोचनाला मात्र दोनच, आणि तेही समालोचकांना खेळ उत्तम कळतो म्हणून. तक्रार आहे ती त्यांच्या उच्चारांची.

लिथुआनियनमध्ये आघात, म्हणजे बोलताना एका अक्षरावर दिला जाणारा जोर, शब्दात कुठेही पडतो, आणि पुष्कळ शब्दांत विभक्ती बदलली की त्याची जागाही बदलते. नामांचे त्यासाठी चार गट आहेत. एरवीच्या लिखाणात त्याची खूणच नसते. आपलं ‘जरा’ नुसतं लिहिलं तर थोडं की म्हातारपण, हे ‘ज’ उच्चारल्याशिवाय कळत नाही, तसंच. इथे ‘आन्तिस’ म्हणजे बदक, पण त्याच अक्षरावर उतरत्या सुराऐवजी चढता लावला की झाला ऊर.

चेंडूला म्हणतात ‘कामुओलिस’, आघात शेवटी. ‘चेंडू मिळवला’ म्हणताना त्याचा ‘कामुओली’ होतो आणि आघात थेट पहिल्या ‘का’वर येतो. आमचे समालोचक दर रिबाउंडला ‘मुओ’वर जोर देतात. गुण म्हणजे ‘ताश्कास’, अनेकवचनी ‘ताश्काय’, आघात ‘काय’वर. हे ‘ताश्’वर थांबतात. हे काही दुर्मीळ शब्द नाहीत, बास्केटबॉलमध्ये मिनिटामिनिटाला लागतात! परदेशी खेळाडूंच्या नावांनाही इथे विभक्तिप्रत्यय लागतात, तेव्हा तर एकच आडनाव पूर्वार्धात एक आणि उत्तरार्धात दुसरं होतं.

सासूबाई पानेवेझिस शहराच्या उत्तरेकडच्या. तिकडच्या बोलीत शेवटचा आघात मागे ओढतात, घरी त्याही ओढतात, आणि ते ऐकायला मला फार गोड वाटतं. पण शाळेत पस्तीस वर्षं त्यांनी प्रमाणभाषेतच शिकवलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की माइकसमोर बसलेल्याने तेवढं करावं. मलाही ते पटतं. १९९५ पासून इथे राज्यभाषेचा कायदा आहे, प्रसारणातली भाषा तपासणारी सरकारी यंत्रणा आहे, आघात दाखवणारे शब्दकोश आहेत. सामन्याआधी दहा मिनिटं काढून नावं आणि नेहमीचे वीस शब्द बघून ठेवणं अवघड नाही.

मला हे लागतं कारण मी ही भाषा तिशीनंतर, एकेक आघात घोकून शिकले. माझा मुलगा ती ऐकून शिकतो, आणि कौनासमधल्या आठ वर्षांच्या मुलाच्या कानावर सगळ्यात जास्त पडतं ते बास्केटबॉलच. परवा अंगणात तो ‘मुओ’वर जोर देऊन ओरडला.

वाहिनीला दोनदा लिहिलं, वेळ आणि शब्द नोंदवून. ‘आपला अभिप्राय पोहोचला’ एवढंच उत्तर आलं.

सामने दुसरीकडे दिसत नाहीत, म्हणून वर्गणी पुन्हा भरणार आहे. पण आता आम्ही ॲपचा आवाज बंद करून रेडिओ लावतो. तो काही सेकंद पुढे असतो. पडद्यावर चेंडू अजून हवेत असतो आणि सासूबाईंच्या टाळ्या सुरू झालेल्या असतात.