रायझन ५ ५६०० : कमी बजेटमध्ये गेमिंगसाठी अजूनही भारी

बजेट कमी असेल आणि गेमिंग पीसी बनवून राहिले असाल तर माझं मत सरळ आहे, एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर घ्या. ६ कोर (म्हणजे काम करणारे भाग) १२ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं), २०२२ चा आहे पण दम आहे भाऊ त्यात. नागपूरच्या बर्डी मार्केटमधला एक दुकानदार मला ५६००जी घ्या म्हणत होता, दोन्ही सेमच आहे म्हणे, पण सेम नाही ना! जी मध्ये ग्राफिक्स आतच येतं हे खरं, पण एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली फास्ट मेमरी) १६ एमबीच, साध्या ५६०० मध्ये ३२, आणि गेममध्ये हा फरक दिसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणार नसाल तरच जी घ्या, कारण साध्या ५६०० वर कार्डाशिवाय डिस्प्लेच येत नाही.

इंटेलचा आय३ १२१००एफ पण चांगलाय, स्वस्त पडतो, पण ४ च कोर, गेमसोबत डिस्कॉर्ड, क्रोम, रेकॉर्डिंग सगळं चालू ठेवलं की अडकायला लागतो.

आता आपल्या नागपूरचा मुद्दा, मे मधलं ४५ डिग्री ऊन. ५६०० च्या डब्यात सोबत येणारा कूलर (प्रोसेसरवरचा पंखा) चालतो, प्रोसेसर ६५ वॅटचाच आहे, पण कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि समोर जाळी असलेलंच घ्या, पुढून हवा आत, मागून बाहेर. ९० डिग्री ही याची लिमिट, तिथं पोचला की स्पीड कमी करतो.

बी४५० मदरबोर्ड घेत असाल तर डब्यावर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ स्टिकर बघा, नसेल तर दुकानातच बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून मागा.