‘दीड तासात फुल्ल चार्ज’ सांगून मला मेलेली बॅटरी विकली: जुनी इलेक्ट्रिक डर्ट बाइक घेणाऱ्यांसाठी

जुनी इलेक्ट्रिक डर्ट बाइक (कच्च्या, खडबडीत वाटेवर पळवायची हलकी मोटारसायकल) घ्यायचं मनात असेल तर इसार देण्याआधी हे वाचा. धुळ्यात मला एक लाख चाळीस हजारांना गंडवलं, आणि ज्याने गंडवलं त्याच्या जाहिराती अजून सुरू आहेत. नाशिककडे अशा गाड्यांचा तो धंदाच करतो. नाव इथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. त्याने फसवलं कसं, ते मात्र सगळं सांगतो.

जुन्या पेट्रोल गाडीची तब्येत कळायला फार अक्कल लागत नाही. सायलेन्सरचा धूर, इंजिनचा आवाज, ऑइलचा रंग, किक मारल्यावर मिळणारा दाब, यावरून गल्लीतला मेकॅनिकही पाच मिनिटांत सांगतो. इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच नसतं. किमतीचा सगळ्यात मोठा वाटा बॅटरीत, आणि बॅटरी सीलबंद डब्यात. लबाडी करायची तर ती त्या डब्यातच होते.

गाडी चिनी बनावटीची, 60 व्होल्टची, वजनाने पन्नास-साठ किलोची. आमचं शेत धुळ्याच्या दक्षिणेला, लळिंगच्या डोंगराकडच्या बरडावर आहे. बांध, नाले, मुरमाड चढ, सगळीच वाट वाकडी. तिथे हलकी, क्लच नसलेली, गुरांना न बुजवणारी गाडी हवी होती. जाहिरातीत लिहिलं होतं: फक्त 900 किलोमीटर चाललेली, बॅटरी 35 अँपिअर-तास (तिच्यात किती वीज मावते त्याचं माप), हेल्थ 95 टक्के, दीड तासात फुल्ल चार्ज, सहा महिने वॉरंटी. वॉरंटीचं त्याने व्हॉट्सअॅपवर पुन्हा लिहूनही दिलं. निम्मी रक्कम रोख द्या म्हणत होता, पण मी सगळी यूपीआयने दिली. आज तेवढाच पुरावा भक्कम उभा आहे.

गाडी त्याने पिकअपमध्ये घालून देवपुरातल्या एका मैदानावर आणून दाखवली. स्क्रीनवर 100 टक्के. सपाट मैदानावर गाडी सुसाट पळाली, ब्रेक लागले, आवाज नाही, खडखड नाही. कागदांचं विचारलं तर म्हणाला, “दादा, इलेक्ट्रिकला कागद, लायसन्स काही लागत नाही.” हे धादांत खोटं आहे. आपल्याकडे नोंदणीतून सूट आहे ती मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असलेल्या गाड्यांना. डर्ट बाइकची मोटर त्याच्या कितीतरी पट मोठी असते. अशी विनानंबरची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवताच येत नाही, शेतात नाहीतर खासगी जागेतच चालवावी लागते. आणि रस्त्यावर न्यायची नसली तरी आयातीचं किंवा खरेदीचं बिल, त्यावरचा फ्रेम नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळलाच पाहिजे. नाहीतर उद्या ती चोरीची निघाली तर तुम्ही काय दाखवणार?

शेतावर पहिलाच चढ आला आणि खेळ उघडा पडला. स्क्रीनवर 70 टक्के होते. थ्रॉटल पिळला तसा आकडा सरसर खाली येत 20 वर आला आणि मोटर बंद. दोन मिनिटं थांबून पाहिलं तर आकडा परत 58. सपाटीवर पुन्हा चालली, पुढच्या चढाला पुन्हा मान टाकली.

हे का होतं ते समजून घ्या. माझ्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवरचा टक्का म्हणजे शिल्लक वीज मोजून काढलेला आकडा नसतो, बॅटरीच्या व्होल्टेजवरून बांधलेला अंदाज असतो. माझ्या 60 व्होल्टच्या पॅकमध्ये, म्हणजे बॅटरीच्या डब्यात, सेलचे (छोट्या छोट्या बॅटऱ्यांचे) 16 गट एकामागे एक जोडलेले आहेत. पूर्ण चार्जला प्रत्येक गट 4.2 व्होल्ट, म्हणजे एकूण 67.2. प्रत्येक गट 3 व्होल्टच्या आसपास आला की एकूण 48, आणि तिथे पॅक संपला. सेल म्हातारे झाले की त्यांचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज सोडताना होणारा आतला अडथळा, वाढतो. गाडी उभी असताना ते व्होल्टेज छान दाखवतात, पण चढावर मोटरने जास्त करंट ओढला की व्होल्टेज धाडकन बसतं. त्यात 16 पैकी एकच गट कमजोर असला तरी पुरे. बॅटरीतलं संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते सगळ्यात कमजोर गटाकडे बघून पुरवठा तोडतं. सपाट मैदानावर, पूर्ण चार्जवर करंटच थोडा लागतो, म्हणून तिथे मेलेली बॅटरीही जिवंत वाटते. मैदान निवडण्यामागे हाच डाव होता.

फोन केला तर उत्तर आलं, “तुमच्याकडे ऊन फार दादा, उन्हाने बॅटरी झोपते.” खानदेशातल्या माणसाला उन्हाचं कारण लगेच पटतं, हे त्याला ठाऊक असावं. पण मी चालवली होती सकाळच्या गारव्यात. शिवाय लिथियम बॅटरीला उष्णता मारते ती सावकाश, महिनोन्‌महिने आयुष्य खाऊन. भाराखाली व्होल्टेज बसण्याचा त्रास थंडीत वाढतो, उन्हात नाही. पुढच्या वेळी म्हणाला, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारं सर्किट) रिसेट करा. त्यानंतर म्हणाला, चार-पाचदा फुल्ल चार्ज करा, बॅटरी उघडेल. नंतर फोन उचलणंच बंद.

मग मी एक साधी चाचणी केली. ही कुणालाही जमेल, आणि या सगळ्या लिखाणातलं एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पैसे वाचतील. 60 व्होल्ट गुणिले 35 अँपिअर-तास म्हणजे 2100 वॅट-तास, म्हणजे लाइट बिलातली 2.1 युनिट. चार्जर थोडी वीज उष्णतेत घालवतो, तेव्हा पूर्ण रिकामी बॅटरी भरायला भिंतीतून सव्वादोन युनिटच्या वर जायला हवीत. मी गाडी बंद पडेपर्यंत चालवली, थंड होऊ दिली, आणि सबमीटर लावून चार्जिंगला लावली. हिरवा दिवा लागला तेव्हा मीटरवर एक युनिटही झालेलं नव्हतं. निम्म्याहून जास्त बॅटरी कामाची नव्हती.

आणि त्या ‘दीड तासात फुल्ल’चं इंगित इथेच आहे. चार्जरच्या पाटीवर 10 अँपिअर छापलं आहे. 10 अँपिअरचा चार्जर दीड तासात फार तर 15 अँपिअर-तास भरू शकतो. 35 अँपिअर-तासाची धडधाकट बॅटरी त्याच चार्जरवर रिकामीपासून भरायला साडेतीन तासांच्या पुढे घेणारच. जुनी बॅटरी लवकर भरते कारण तिच्यात मावतच नाही. ज्या गोष्टीचा त्याने जाहिरातीत गुण म्हणून डंका पिटला, तोच तिचा आजार होता. म्हणून विक्रेता चार्जिंगची वेळ फुशारकीने सांगायला लागला की चार्जरवरचे अँपिअर वाचा आणि तिथेच गुणाकार करा.

अमळनेरला ई-स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक हुशार पोरगा आहे. त्याच्याकडे पॅक नेला. आधी त्याने बीएमएस मोबाइलच्या अॅपला जोडला. अॅपवर दिसलं: क्षमता 35 अँपिअर-तास, चार्जिंगची आवर्तनं दहाच्याही आत. तो म्हणाला, या दोन्ही आकड्यांवर विश्वास ठेवू नका. बऱ्याच बीएमएसमध्ये क्षमतेचा आकडा हाताने टाइप करता येतो, आणि सर्किटच बदललं की आवर्तनं शून्यापासून सुरू होतात. बघायचं ते एकेका गटाचं व्होल्टेज, आणि तेही भार देऊन. भार दिला तसे बाकीचे गट थोडे खाली आले, एक गट मात्र थेट 3 व्होल्टच्या खाली घसरला आणि पुरवठा तुटला.

मग त्याने हातमोजे घालून डबा उघडला. वरून सगळं कोरं करकरीत, सेलवर चकचकीत निळं प्लास्टिक. त्याने एका सेलचं प्लास्टिक ब्लेडने अलगद चिरून ऋण टोकाकडचा पत्रा मला दाखवला. नव्या निकेल पट्टीच्या वेल्डिंगच्या ठिपक्यांशेजारी जुन्या वेल्डिंगचे खड्डे होते, घासून काढायचा प्रयत्न केलेले. “भाऊ, ह्या सेल नवा नही शेतस,” तो अहिराणीत म्हणाला, “जुनासवर नवं प्लास्टिक चढायेल शे.” दुसऱ्या कुठल्यातरी पॅकमधून उपटलेले सेल होते ते.

त्याहून भयंकर पुढे होतं. धन टोकावर जी इन्सुलेशनची कागदी चकती असायला हवी, ती पुष्कळ सेलवर नव्हतीच. आणि तापमान मोजणारा सेन्सर, जो सेलच्या अंगाला चिकटलेला असतो, तो बाहेर वायरीला टेपने बांधून ठेवला होता. म्हणजे सेल कितीही तापले तरी बीएमएसला कळणार नाही. असा पॅक मी घरात, माणसं झोपलेली असताना चार्ज करत होतो. पैसे जाण्याचा राग एकवेळ निवेल, याचा निवत नाही. लिथियम सेल एकदा भडकला की शेजारच्याला पेटवत जातो. आणि म्हणूनच, संशय आला तरी डबा स्वतः उघडू नका. 67 व्होल्टला पाना चुकून दोन टोकांवर पडला तर हात भाजतो, आग लागते.

900 किलोमीटरही खोटेच निघाले. स्क्रीन बदललेली होती, म्हणून आकडा कमी. पण लोखंड खोटं बोलत नाही. मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चक्राचे) दात एका बाजूला झिजून कललेले, पाय ठेवायच्या फूटपेगची खरखरीत धार गुळगुळीत, स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा) चेन घासू नये म्हणून बसवलेला रबरी तुकडा खाली पत्रा दिसेपर्यंत कापलेला. कंट्रोलरचा प्लग ओढून काढला तर पिनांवर हिरवट गंज आणि वरून सिलिकॉन थापलेलं, म्हणजे गाडी कधीतरी पाण्यात बसली होती. ब्रेक काही दिवसांत मऊ पडले, त्याचंही कारण सापडलं. या गाडीच्या हायड्रॉलिक ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, आणि कुणीतरी मोटारसायकलच्या ब्रेकचं वेगळ्या जातीचं डॉट ऑइल ओतलं होतं. त्याने आतली रबरी सील फुगतात आणि पूर्ण ब्रेक बदलावा लागतो. तुमच्या गाडीला कोणतं लागतं ते ब्रेकच्या लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरच्या झाकणावर पाहा, आणि अंदाजाने काहीही ओतू देऊ नका.

आता गाडीत बिलासह घेतलेला नवा पॅक आहे आणि ती तोच चढ दमदार चढते. सांभाळ फार नाही, पण आपल्या मातीत थोडा वेगळा करावा लागतो. काळी माती चेनमध्ये वाळली की दगड होते, म्हणून ब्रशने झाडून चेनला ल्यूब. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप प्लगवर आणि बेअरिंगवर मारू द्यायचा नाही. प्लगमध्ये पाणी आणि गंज रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस. बहुतेक लिथियम सेल 45 अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे हवाच तिथे पोचते. तेव्हा चालवून आल्या आल्या प्लग लावायचा नाही, पहाटे लावायचा, तोही ओट्यावर, माणसं जागी असताना. पेरणीच्या दिवसांत गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवायची, पूर्ण भरून नाही.

ज्यांची फसवणूक होऊन गेली आहे त्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा आणि गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. विक्रेता धंदा करणारा असला पाहिजे, म्हणून त्याच्या इतर जाहिरातींचे स्क्रीनशॉटही जोडा. खोटं सांगून पैसे उकळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांतही जाता येतं. मी जाहिरात, चॅट, यूपीआयची पावती, सबमीटरचे फोटो आणि पॅक उघडतानाचा सलग व्हिडिओ जोडला. विक्रेत्याला नोटीस गेल्यावर त्याने मध्यस्थाकरवी निम्मे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, अट एकच, जुना पॅक त्याला परत हवा. मी नाही म्हणालो. गावातल्या एका भंगारवाल्यानेही चांगला भाव सांगितला होता, त्यालाही दिला नाही. हे सेल बाजारात गेले की पुन्हा नवं प्लास्टिक चढणार आणि दुसऱ्याच्या घरात चार्जिंगला लागणार. पॅक शेतातल्या खोलीबाहेर, घरापासून लांब, पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. निकाल लागला की अधिकृत रिसायकलरकडे देणार आणि त्याची पावती घेणार.