शुक्रवार की बुधवार? स्वतःचं गाणं कुठल्या वारी आणावं

मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम तयार फाइल, हातात आलं, कव्हर झालं, श्रेयनामावली भरली, की डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणं संगीताच्या ॲपांवर पोचवणाऱ्या संस्थेच्या, फॉर्मवर शेवटी तारखेचा रकाना उरतो. रेकॉर्ड कंपनी पाठीशी असली तर ती तारीख कंपनी ठरवते. आपलं गाणं आपणच करणाऱ्याला ती स्वतः ठरवावी लागते, आणि नाशिकमध्ये असं काम करणाऱ्या आम्हा मंडळींमध्ये यावरून सरळ दोन गट आहेत. एक गट म्हणतो शुक्रवारच, कारण सगळं जग शुक्रवारी गाणं आणतं. दुसरा म्हणतो आठवड्याच्या मध्यावर, म्हणजे मंगळवार किंवा बुधवार. मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझी गाणी भावगीताच्या वळणाची, वाद्यं मोजकी, ऐकणारे बहुतेक उत्तर महाराष्ट्रातले आणि थोडे पुण्या-मुंबईत गेलेले. तुमचा श्रोता वेगळा असेल तर पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

शुक्रवारची बाजू कच्ची अजिबात नाही. २०१५ च्या जुलैपर्यंत नवं संगीत अमेरिकेत मंगळवारी आणि ब्रिटनमध्ये सोमवारी यायचं. एका देशात आलेलं गाणं दुसऱ्या देशात अधिकृतपणे येण्याआधीच चोरून फिरायचं. त्याला आळा बसावा म्हणून रेकॉर्ड कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढाकार घेतला आणि १० जुलै २०१५ पासून चाळीसहून अधिक देशांत शुक्रवार हा एकच वार धरला गेला. तेव्हापासून बाकीची व्यवस्थाही त्या वाराभोवती बसत गेली. स्पॉटिफायवरची रिलीज रडार ही प्रत्येक श्रोत्यासाठीची नव्या गाण्यांची स्वतंत्र यादी शुक्रवारी बदलते. संपादकांनी निवडलेल्या नव्या गाण्यांच्या मोठ्या याद्याही शुक्रवारीच ताज्या होतात. साप्ताहिक चार्ट शुक्रवार ते गुरुवार असा मोजतात, म्हणजे बुधवारी आलेल्या गाण्याला पहिल्या चार्टसाठी जेमतेम दोन दिवस मिळतात. ज्याला चार्टवर येण्याची खरीखुरी शक्यता आहे, त्याने यापुढे विचार करण्याची गरज नाही.

पण आपल्यापैकी किती जण चार्टसाठी गाणं करतात? माझ्यासारख्याला पहिल्या आठवड्यापेक्षा पूर्ण वर्ष महत्त्वाचं वाटतं. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. हजार हा आकडा वर्षभरात हळूहळूही गाठता येतो, आणि त्यासाठी गाणं बरोबर जागी, बरोबर नावाखाली सापडणं हे वारापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

बुधवारी गाणं आणलं तर रिलीज रडार हातची जाते, असा एक समज आमच्यात बराच पसरलेला आहे. तसं होत नाही. गाणं निदान सात दिवस आधी पिच केलेलं, म्हणजे स्पॉटिफायच्या संपादकांकडे विचारासाठी पाठवलेलं, असलं की ते फॉलोअरांच्या रिलीज रडारमध्ये जातं, मग वार कोणताही असो. बुधवारचं गाणं दोन दिवसांनी, शुक्रवारी, त्या यादीत दिसतं. पिच मात्र गाणं बाहेर येण्याआधीच करावं लागतं, नंतर ती सोय नाही. म्हणून वार कुठलाही निवडा, फाइल तीन-चार आठवडे आधी चढवा.

आता ज्या एका त्रासामुळे माझा कल ठरला, त्याबद्दल.

मराठीत नाव आणि आडनावाची जोडी एकमेव असणं अवघड. माझ्याच नावाचे आणखी दोन कलाकार ॲपांवर आहेत. एक जण भजनं गातो, दुसऱ्याची हळदीला वाजणारी गाणी आहेत. दोघंही आपापलं काम मनापासून करतात. डिस्ट्रिब्युटर जेव्हा गाणं पाठवतो तेव्हा स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिकसाठी कलाकार म्हणून असलेल्या आपल्या पानाची लिंक सोबत देता येते, आणि स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या सोयीत येऊ घातलेलं गाणं आपल्याच पानावर बसलंय का हेही आधी बघता येतं. बाकीच्या बऱ्याच ॲपांवर जुळणी केवळ नावावरून होते. नाव सारखं दिसलं की गाणं कुठल्याही पानावर चढू शकतं, आणि ते प्रत्यक्ष बाहेर येईपर्यंत आपल्याला कळत नाही.

माझं एक गाणं शुक्रवारी आलं आणि आमच्या भागात पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या एका ॲपवर ते भजनवाल्या नामबंधूच्या पानावर जाऊन बसलं. सकाळी ओझरहून मावशीचा फोन आला, ‘अरे, गाणं कुठंय? तुझ्या पानावर तर मागचंच दिसतंय.’ मग एकेकाचे मेसेज येऊ लागले. ज्यांना मी स्वतः कळवलं होतं, ज्यांनी पहिल्याच दिवशी ऐकायचं कबूल केलं होतं, ते माझ्या पानावर येऊन रिकाम्या हाताने परत गेले. आणि तिकडे भजनाच्या अपेक्षेने आलेल्या माणसांना माझं प्रेमगीत मिळालं. त्यांनी ते काही सेकंदांत पुढे ढकललं असेल तर त्यांचा काही दोष नाही. पण जी ॲपं माणूस गाणं किती वेळ ऐकतो ते बघून पुढे कोणाला सुचवायचं हे ठरवतात, तिथे नव्या गाण्याची सुरुवातच अशी चुकीच्या कानांवर होणं मला फार लागलं. वर्षभर घासलेली चाल होती ती.

आता वाराचा संबंध. डिस्ट्रिब्युटरची मदत यंत्रणा परदेशात. आपल्याकडे शुक्रवार मध्यरात्री सुरू झाला की गाणं लागतं, सकाळी चूक दिसते, लगेच मेल जातो. न्यूयॉर्कचं ऑफिस उघडतं तेव्हा नाशिकमध्ये संध्याकाळचे साडेसहा-साडेसात झालेले असतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं असेल तर रात्रीचे साडेनऊ-साडेदहा. त्यांच्या शुक्रवारच्या रांगेत माझा मेल लागला नाही, की मधे शनिवार-रविवार आडवे. सोमवारी रात्री उत्तर आलं, त्यानंतर ॲपकडे दुरुस्ती जायला आणखी वेळ गेला. गाण्याचे सगळ्यात ताजे दिवस मी फोनवर लोकांना सरळ लिंक पाठवण्यात घालवले.

पुढे एकदा बुधवारच्या गाण्यालाही हेच झालं, वेगळ्या ॲपवर. सकाळी मेल केला, त्याच रात्री उत्तर आलं, आणि शुक्रवारी याद्या बदलल्या तेव्हा गाणं आपल्या जागी होतं. दरवेळी इतकं पटकन होईलच असं मी म्हणणार नाही. मदत करणारा माणूस कोण भेटतो यावरही खूप असतं. पण बुधवारी चूक झाली तर पुढे कामाचे तीन दिवस हातात असतात, आणि शुक्रवारी झाली तर मुळात जेमतेम एक रात्र. माझ्यासाठी वजन तिथे कललं.

या एका कारणाशिवाय आणखी थोडं आहे, ते निरीक्षणाचं. मोजमाप माझ्याकडे नाही. माझे पहिले श्रोते कोण, तर पासधारक. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते. माझ्या बरोबरीचे बरेच जण त्या गाडीने मुंबईला नोकरीला जातात. साडेसहाला ग्रुपवर लिंक टाकली की घोटी-इगतपुरीपर्यंत ऐकून होतं, पुढे घाटात बोगदे लागले की रेंजचं काही खरं नाही. कामाच्या दिवशी हा वेळ त्यांच्याकडे हमखास असतो, जागा मिळालेली असते, इअरफोन कानात असतात. शुक्रवारीही ते गाडीत असतातच, हे खरं. फरक दुसऱ्या दिवशी पडतो. बुधवारी ज्याने ऐकलं तो गुरुवारी डब्यात शेजाऱ्याला ऐकवतो. शुक्रवारी ऐकलेलं शनिवारी घर, बाजार, मुलांचे क्लास यांत मागे पडतं. मला अभिप्रायाचे सविस्तर मेसेज नेहमी गुरुवारी आले आहेत, हे माझं निरीक्षण तुम्हाला पटो न पटो.

शिवाय गाण्यात साथ करणारी माणसं. शुक्रवार रात्रीपासून रविवारपर्यंत गावातले वादक, साउंडवाले, निवेदक सगळे कार्यक्रमांत असतात. कालिदास कलामंदिरात प्रयोग, कुठे लॉनवर लग्नाचा संगीत सोहळा, दिवाळीत पिंपळपारावरची पाडवा पहाट आणि तशा कितीतरी पहाटी. ज्याने बासरी वाजवली त्याने स्वतःहून गाणं शेअर केलं तर त्याचे श्रोते आपल्याला मिळतात, पण शनिवारी त्याला फोन बघायला सवड नसते. बुधवारी असते. याला अपवादही आहे: माझ्या ढोलकीवाल्या मित्राच्या घरचं भाजीचं दुकान गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात लागतं, त्या दिवशी तो पहाटेपासून तिथे. त्याच्यासाठी एक गाणं मी मंगळवारी आणलं, आणि त्याने काही बिघडलं नाही. वार म्हणजे बुधवारच हवा असं नाही, मागे-पुढे कामाचे दिवस असावेत एवढंच.

वर्षातला कुठला आठवडा, हा प्रश्न वारापेक्षा मोठा आहे, पण त्यात मला फारसा वाद दिसत नाही. गाणं तिथीला बांधलेलं असलं तर तिथी जिंकते. रंगपंचमीचं गाणं रहाडी, म्हणजे त्या दिवशी रंग खेळायचे नाशिकचे जुने हौद, उघडण्याआधी आलं पाहिजे, आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी यायचं गाणं कुठलाही वार असला तरी त्याच दिवशी शोभतं. कुसुमाग्रजांच्या गावात तर नक्कीच. अभंगाच्या बाबतीत मात्र मी एकादशीची वाट बघू नका म्हणेन. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून ज्येष्ठात निघते आणि आषाढीपर्यंत तीन-चार आठवडे वाटेवर असते. अभंग त्या निघण्याच्या आठवड्यात आला की वाटभर ऐकला जातो. एकादशीला आला तर त्या दिवशीच्या शेकडो अभंगांत हरवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी हात लावत नाही.

गणपतीत फक्त गणपतीचं गाणं आणावं आणि तेही स्थापनेच्या तीन आठवडे आधी, म्हणजे मंडळांच्या आणि ढोल पथकांच्या कानांवर पडायला वेळ मिळतो. दुसरं कुठलंही गाणं त्या दहा दिवसांत ठेवू नका. नाशिककरांना २०२६-२७ साठी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी लागेल: सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. गोदावरीवरच्या गाण्यांचा पूर येणार आहे, आणि नाशिकचा जो तो श्रोता, वार्ताहर, रेडिओवाला त्यातच गुंतलेला असेल. तुमचं गाणं गोदेचं असेल तर ध्वजारोहणाच्या आधीच आणा. नसेल तर २०२७ चा जानेवारी-फेब्रुवारी मला बरा वाटतो. थंडी असते, संध्याकाळी लोक घरात लवकर येतात, आणि सणांची गर्दी नसते. पितृपक्षाबद्दल विचाराल तर घरच्या वडीलधाऱ्यांचं मन बघा. माझी आई त्या पंधरवड्यात नवं काही सुरू करू देत नाही, आणि तिचा शब्द मी मोडत नाही. एरवी तो पंधरवडा शांत असतो आणि काही मित्रांना तो चांगला लाभला आहे.

मग शुक्रवार कोणी घ्यावा? ज्याचं नाव खरोखर दुर्मीळ आहे, किंवा ज्याने सुरुवातीपासून एखादं वेगळंच टोपणनाव धरलं आहे, त्याला पानांच्या अदलाबदलीची भीती नाही. ज्याच्या डिस्ट्रिब्युटरचा माणूस मुंबईत बसतो आणि शनिवारी फोन उचलतो, त्यालाही नाही. ज्याचे श्रोते महाराष्ट्राबाहेर, देशाबाहेर आहेत, ज्याला संपादकीय याद्यांत आधी जागा मिळालेली आहे, जो हिंदीत किंवा इंग्रजीत गातो, त्याने शुक्रवार सोडू नये. आमच्यातला एक इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा मुलगा नेमाने शुक्रवारीच गाणं आणतो आणि त्याला ते साजतं.

मराठीत, आपल्या साध्या नावाने, आपल्या गावातल्या माणसांसाठी पहिलं-दुसरं गाणं आणत असाल तर मी तुम्हाला बुधवारी या म्हणेन. मंगळवारी रात्री बारा वाजता झोपू नका, गाणं लागताच हाताला येतील ती सगळी ॲपं उघडून आपलं पान बघा, आणि चूक दिसलेल्या प्रत्येक ॲपचा स्क्रीनशॉट, गाण्याचा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळखक्रमांक) आणि आपल्या योग्य पानाची लिंक एकाच मेलमध्ये डिस्ट्रिब्युटरला पाठवा. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मंगळवारची दुपार असते, लोक टेबलावर असतात.