मातृवंदनाच्या नावाने फोन आला आणि बाळंतपणाचे ४६,८५० रुपये गेले

सरळ मुद्द्यावर येते. आठवा महिना संपत आला होता तेव्हा माझ्या खात्यातून ४६,८५० रुपये गेले. आधी २५,०००, मग १५,०००, मग ६,८५०. खात्यात उरले २१२ रुपये. ही पद्धत सगळ्यांना माहिती आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते, उघडा म्हणतात, फॉर्म भरा म्हणतात, तिथून पुढे आपले मेसेज त्यांच्याकडे जायला लागतात आणि खातं साफ. मलापण माहिती होतं. बातम्या मीपण वाचते. तरी झालं, आणि आता जो भेटतो तो म्हणतो बारावी झालेली पोरगी अशी कशी फसली. म्हणून लिहितेय, कारण फोन करणाऱ्या त्या माणसाला माझ्याबद्दल काय काय माहिती होतं ते कोणी विचारतच नाही.

त्याला माझं लग्नानंतरचं पूर्ण नाव माहिती होतं. नवऱ्याचं नाव. आमच्या वाडीच्या अंगणवाडी सेविकेचं नाव आडनावासकट. आधारचे शेवटचे चार आकडे. मातृवंदना, म्हणजे गरोदर बायकांना सरकार पैसे देतं ती योजना, तिचा पहिला हप्ता ३,००० रुपये कोणत्या महिन्यात जमा झाला ते. आणि माझ्या शेवटच्या पाळीची तारीख! ही तारीख माझ्या सख्ख्या बहिणीला सांगता येणार नाही. ती दोनच ठिकाणी आहे, माझ्या गरोदरपणाच्या कार्डावर आणि सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये. अशी तारीख जो माणूस फोनवर वाचून दाखवतो तो सरकारी नाही असं कोणाच्या मनात येईल, मला सांगा.

ते पैसे कसे जमले होते तेपण सांगते, कारण बँकेतल्या साहेबांना ४६ हजार म्हणजे काहीच वाटलं नाही. २०,००० भिशीचे, माझा नंबर मी मुद्दाम सातव्या महिन्यात मागून घेतला होता. १२,००० आमच्या ह्यांच्या ओव्हरटाईमचे, चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे पैसे पगारातून कापतात पण कार्ड अजून हातात दिलेलं नाही. ९,००० मी ब्लाऊज शिवून साठवले, पाचव्या महिन्यापर्यंत मशीनवर बसले, मग डॉक्टरांनी बंद करायला लावलं. ५,००० आईने दिले, शेळी विकून. बाकी हजारभर आधीचे पडून होते. सोनोग्राफीत वार खाली आहे सांगितलं होतं, सिझर करावं लागेल, आणि खाजगी दवाखान्याने ३०,००० डिपॉझिट आधी भरा म्हणून सांगून ठेवलेलं. राहिलेल्यात डिंक, खारीक, आळीव, दुपटी, टोपडी, मच्छरदाणी. पाळणा चुलत बहिणीचा मिळणार होता म्हणून तेवढा खर्च वाचला होता. सगळा हिशेब वहीत मांडलेला.

फोन दुपारी आला. "ताई, महिला बालविकासमधून बोलतोय, तुमचा दुसरा हप्ता आणि जननी सुरक्षाचे असे मिळून ६,००० पेंडिंग दाखवतायत, आधार मॅच होईना, आज नाही केलं तर नाव कटेल." मराठी चांगलं होतं, जरा विदर्भाकडचं वाटलं. मागे अजून माणसं बोलत होती, कोणाला तरी "ताई ऐका, ताई ऐका" चाललेलं. मला वाटलं ऑफिस आहे, सगळ्यांनाच फोन करतायत.

आणि मग तो म्हणाला, "बाळाचं पहिलं लसीकरण झालं ना ताई?"

मी म्हणाले अहो अजून डिलिव्हरी व्हायचीय. तो थांबला. खरंच थांबला, मला आजही ऐकू येतं ते थांबणं. मग म्हणाला, "हां हां, म्हणजे तुमचं धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणतोय मी, स्क्रीनवर लसीकरण असंच येतं." इथे फोन ठेवायला पाहिजे होता. कारण पहिल्या बाळाला ५,००० मिळतात, त्यातले ३,००० नोंदणी आणि तपासणी झाल्यावर आणि राहिलेले २,००० बाळ जन्मल्यावर, जन्माची नोंद करून लसींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यावरच, हे सेविकाताईंनी फॉर्म भरताना मला दोनदा समजावलं होतं. बाळ पोटात असताना दुसरा हप्ता येऊच शकत नाही! मला हे पाठ होतं आणि त्या क्षणी डोक्यात आलंपण होतं, पण लगेच तो म्हणाला नवीन नियमाने आता आधी टाकतोय आणि त्याच दमात माझी पाळीची तारीख वाचली. पाय सुजलेले, आई रानात गेलेली, घरात विचारायला कोणी नाही, आणि नाव कटेल ही भीती. पहिल्या हप्त्याच्या वेळी आधार आणि बँकेच्या नावात फरक म्हणून खरोखरच माझे पैसे अडकले होते, हेलपाटे घातले होते, त्यामुळे आधार मॅच होईना हे मला खोटं वाटलंच नाही. ज्यांचं असं कधी अडकलं नाही त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

मग त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल पाठवली. ती उघडताना मोबाईलने सांगितलं की ही फाईल धोकादायक असू शकते. तो म्हणाला सरकारी अ‍ॅप आहे, प्ले स्टोअरला यायला वेळ लागतो, अलाऊ करा. मग मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीपण दिली. फॉर्मवर आई आणि बाळाचं चित्र होतं, खाली "गर्भवती माहीला लाभार्ती" असं लिहिलेलं. सरकारी कागदांवर असल्या चुका आपण रोज बघतो. व्हेरिफिकेशनला एक रुपया कापला जाईल म्हणून कार्ड नंबर आणि पिन टाकायला लावला. कार्डाचा पिन फॉर्ममध्ये मागितला की तिथेच सगळं बंद करा, नेट बंद करा, ते अ‍ॅप काढा आणि लगेच बँकेला फोन करून कार्ड बंद करा. बँकेचा मेसेज आपल्या मोबाईलवर दिसतच नाही पुढे, त्यामुळे मेसेज आला नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असं धरून चालू नका.

दुसऱ्या दिवशी कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला मेडिकलमध्ये गेले, पैसे देण्याआधी बॅलन्स बघायची सवय आहे मला, बघते तर ७,०६२. हातपाय गार पडले. तिथेच उभ्या उभ्या बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, आणि गाणं. ते गाणं वाजत असतानाच शेवटचे ६,८५० गेले. ११:३१ ला गेले. माझा फोन ११:१४ ला लागलेला, मोबाईलमध्ये दिसतंय. बँक म्हणते तक्रार ११:४२ ला नोंद झाली, तिकीट तयार झाल्याची वेळ धरतात, होल्डवरचा वेळ धरत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम आहे की ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते नुकसान बँकेचं. मग मी कळवलं कधी? १७ मिनिटं मी काय भजन ऐकत होते का? हे मी मॅनेजरसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले मॅडम तुम्हीच पिन दिलाय, बँकेचा संबंध नाही. अर्ज घेतला पण माझ्या कॉपीवर शिक्का द्यायला तयार नाहीत, "वरून परवानगी लागते". शिक्का घेतल्याशिवाय बँकेतून हलू नका. आणि कॉल लॉगचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लागायला वेळ लागला पण लागल्यावर तिथला मुलगा नीट बोलला, एवढं मी सांगणार. त्याने व्यवहाराचे नंबर मागितले, ते माझ्याकडे नव्हते, परत बँकेत जाऊन स्टेटमेंट आणावं लागलं आणि तेवढ्यात पैसे पुढे गेले. तेव्हा पैसे गेले की आधी १९३०, आणि फोन लावताना व्यवहाराचे नंबर समोर ठेवा. माझे फक्त ६,८५० कुठल्या तरी खात्यात होल्ड झालेत. ते परत पाहिजेत तर कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात. ६,८५० साठी कोर्ट!

पोलिसांचं तर काय सांगू. गावच्या दूरक्षेत्रातून, म्हणजे पोलीस चौकीतून, तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला सायबरकडे, सायबरवाले म्हणाले रक्कम कमी आहे, तालुक्यालाच द्या. नवव्या महिन्याचं पोट घेऊन मी बाकड्याशेजारी उभी, बाकड्यावर पुरुष बसलेले, एका महिला हवालदाराने शेवटी खुर्ची आणून दिली. साहेब म्हणाले, "ताई, इथं लोकांचे ४० लाख गेलेत, तुमचे ४६ हजार." आयटी कायद्याचा तपास पीआयच करतात, पीआय बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. सोमवारी गेलं की पीआय सुनावणीला गेलेले. एफआयआर नाहीच, साधा अर्ज घेतला. गुन्हा कुठेही घडलेला असो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, हे नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी हे कागदावर लिहून नेलं होतं. तर मला विचारलं, वकील आहात का.

आणि बालविकासचं ऑफिस. तिथे एकच वाक्य, "आमच्याकडून डेटा जात नाही." मग माझी तारीख त्या माणसाला स्वप्नात दिसली का? उलट सेविकाताईंनाच नोटीस देतो म्हणाले. त्या बाई माझ्यासमोर रडल्या. त्यांना आधी दिल्ली ऑफिसमधून बोलतोय असा फोन आला होता, लाभार्थ्यांच्या यादीचे फोटो पाठवा, पडताळणी आहे, आणि वरून रोज दहा ग्रुपवर असल्या याद्या मागतातच, तर त्यांनी काय ओळखायचं? एवढंसं मानधन, मोबाईलवर सगळी माहिती भरायची, आणि फसवणूक झाली की मान त्यांचीच पकडायची. माझा त्यांच्यावर अजिबात राग नाही. राग त्यांच्यावर आहे ज्यांना यादी कुठून फुटली ते शोधायचंच नाही. सेविका असाल तर यादीचा फोटो कोणालाही पाठवू नका, सुपरवायझरला स्वतः फोन करून विचारा.

डिपॉझिटला पैसे राहिले नाहीत म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. तिथे सिझर झालं, मुलगी झाली, दोघी ठीक आहोत. ऑपरेशन, औषधं, रक्त, जेवण कशालाच पैसे लागले नाहीत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे २०११ पासून फुकट आहे, सिझर असेल तर सात दिवसांचं जेवणसुद्धा, १०२ ची गाडी घरून न्यायला आणि परत सोडायला. बाळ आजारी पडलं तर त्याचेही उपचार. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी डॉक्टर फुकट करतात हेपण मला तिथे गेल्यावर कळलं. खाजगीच्या डिपॉझिटसाठी मी पाच महिने मान मोडून शिवत बसले होते. वार खाली असो, बीपी असो, आधी सरकारीत विचारून घ्या आणि मग पैशांची जुळवाजुळव करा.

अजून एक, बाळंतपणाचे पैसे मोबाईलला जोडलेल्या खात्यात ठेवू नका. आईच्या नावावर पोस्टात ठेवा, कार्ड नसलेलं दुसरं खातं काढा, काहीपण करा. मातृवंदनाचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात आपोआप येतात, त्यासाठी फाईल नाही, क्यूआर नाही, पिन नाही. अडलं तर सेविकेच्या घरी चालत जा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार केलीय, त्या १७ मिनिटांसाठी. मागच्या आठवड्यात ठाण्यातून फोन आला होता, अर्ज निकाली काढायचा का. मी नाही म्हणाले. बालविकासच्या ऑफिसला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, माझी नोंद कोणकोणत्या लॉगिनवरून उघडली गेली त्याची यादी मागितलीय. ३० दिवसांत द्यावी लागते. नाही दिली तर अपील करणार आहे.