सोलर की हीट पंप? पहिल्या बादलीचा हिशेब

माझ्या भाच्याने पुण्यात धायरीला फ्लॅट घेतला आहे. ११ मजल्यांची इमारत, त्याचं घर चौथ्या मजल्यावर. गेल्या रविवारी जेवायला आला तेव्हा म्हणाला, "मामा, गच्चीवर सोसायटीचा सोलर आहेच. मग गरम पाण्यासाठी मी वेगळा खर्च कशाला करू?" काही वर्षांपूर्वी मीही स्वतःची समजूत याच वाक्याने घातली होती. गॅस गीझर, सोसायटीचा सोलर आणि आता हवेतली उष्णता टाकीत आणणारा विजेवरचा हीट पंप असे तिन्ही मी याच क्रमाने वापरले आहेत. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी आमच्या घराविषयी, कारण माझं मत त्यावरच बेतलेलं आहे. कोथरूडमधली ४ मजल्यांची जुनी इमारत, १२ बिऱ्हाडं, आम्ही पहिल्या मजल्यावर. घरात आई, आम्ही दोघं आणि मुलगी. आई पहाटे साडेपाचला अंघोळ करते, मुलगी साडेसातला. तुमचं घर वरच्या मजल्यावर असेल किंवा स्वतःचा बंगला असेल, तर माझा निष्कर्ष तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही.

गॅस गीझरबद्दल थोडक्यात सांगतो. पाणी लगेच मिळतं, धार चांगली असते, पाइपने गॅस येत असेल तर सिलिंडरची कटकटही नाही. पण गॅस जळताना हवा पुरेशी नसेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. न्हाणीघराचा झरोका लहान, आई आतून कडी लावणार, आणि थंडीत झरोकाही बंद करून घेणार. गीझर बाहेर ड्राय बाल्कनीत असेल तर ही भीती बरीच कमी होते. आमचा तेव्हा आत होता. एका डिसेंबरात वर्तमानपत्रात अशीच एक बातमी वाचली आणि त्याच आठवड्यात तो काढून टाकला. वीज किंवा इंधन किती वाचतं, हा विचार त्यापुढे केलाच नाही.

मग सोलर. सोलरबद्दल माझ्या मनात खरंच आदर आहे. गच्चीवर नळ्या, वर टाकी, मध्ये कुठलीही मोटर नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, गार पाणी खाली येतं, आणि हे चक्र दिवसभर फुकट चालतं. पुण्याची थंडी सोलरला मानवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, पण दिवसभर आभाळ निरभ्र आणि ऊन स्वच्छ असतं. संध्याकाळी टाकीतलं पाणी एवढं कढत असतं की विसण घातल्याशिवाय हात लावता येत नाही. महापालिका मिळकतकरात ५ टक्के सूट देते, आणि जोडीला पर्जन्यजलसंचय किंवा गांडूळखत असेल तर १० टक्के. संच चालू असायला हवा, एवढी अट. एकदा बसवला की १५ वर्षं बघायला नको, असं विकणारे सांगतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते फारसं खरं मानू नका. आपला भाग बेसाल्टचा, त्यातून उपसलेल्या पाण्यात क्षार भरपूर. नळ्यांच्या आत पांढरे थर साचतात आणि पाणी दरवर्षी थोडं कमी तापतं. खडकवासला धरणाचं पाणी त्या मानाने मऊ, ते ज्यांना पुरेसं मिळतं ते सुदैवी. आणखी एक गोष्ट प्लंबर सहसा सांगत नाहीत: टाकी रिकामी झाली असेल तर भर दुपारी पाणी सोडू नये. उन्हात कोरड्या तापलेल्या काचेच्या नळ्यांत गार पाणी गेलं की त्या तडकतात. आमच्या गच्चीवर एकदा एका दुपारीच ४ नळ्या गेल्या.

पावसाळ्याचा प्रश्न सगळ्यांनाच माहीत आहे. जुलैत सलग ८-१० दिवस ऊन नसतं, मग टाकीतली विजेची कॉइल चालू करावी लागते. ती कॉइल कोणी, किती वेळ चालू ठेवायची आणि बिल कोणी भरायचं, यावर आमच्या सोसायटीच्या २ वार्षिक सभा झाल्या आहेत. तरी हे सगळं मी सहन केलं असतं. मला खटकत राहिली ती दुसरीच गोष्ट.

आई पहाटे नळ सोडते, तेव्हा गच्चीवरचं गरम पाणी लगेच खाली येत नाही. टाकीपासून आमच्या न्हाणीघरापर्यंतच्या पाइपात रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी बाहेर पडावं लागतं. गच्चीवरचा आडवा पाइप आणि खाली उतरणारा उभा पाइप मिळून २५ मीटर तरी भरतात. एक इंची पाइपच्या दर मीटरमध्ये साधारण ४०० मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे तिथेच १० लिटर झाले. पुढे घरातला बारीक पाइप. शिवाय गार पाइप स्वतः तापायलाही थोडं गरम पाणी लागतं. एकूण एक बादली भरायची, तेव्हा कुठे कोमट पाणी यायचं. थंडीच्या दिवसांत आई त्या बादलीजवळ हात नळाखाली धरून उभी असायची. "आलं का?" असं मी खोलीतून विचारायचो आणि ती म्हणायची, "अजून नाही रे." हे रोज.

ती बादली आम्ही वाया घालवत नव्हतो. झाडांना, फरशी पुसायला, संडासात वापरत होतो. पण मुलगी साडेसातला नळ सोडेपर्यंत पाइप पुन्हा गार झालेला असायचा, म्हणजे दुसरी बादली. इतकं पाणी वापरायला झाडं तरी किती असणार? ज्या आठवड्यात गुरुवारी पाणी बंद असायचं, त्या आठवड्यात ती बादली बघून जीव तुटायचा. एकदा बसून हिशेब केला. १२ घरांची सरासरी रोज १५ लिटर धरली, तरी वर्षाला ६५ हजार लिटर होतात. १० हजार लिटरचे साडेसहा टँकर. वरच्या मजल्यांवर पाणी कमी जात असेल, मान्य आहे, पण आमच्या पहिल्या मजल्यावर ते सरासरीच्या वरच असणार.

आणि जाणारं पाणीच फक्त वाया जात नाही. अंघोळ संपली, नळ बंद केला, की त्याच २५ मीटर पाइपात आता गरम पाणी अडकतं. ते तिथेच निवतं. रोज पुढून एक बादली गार पाणी सोडायचं आणि मागे एक बादली उन्हात तापवलेलं पाणी थंड होऊ द्यायचं. गच्चीवरचा संच कितीही उत्तम असला तरी खालच्या मजल्यावर त्याची एवढी कमाई वाटेतच संपते.

याला उपाय आहे. गरम पाण्याचा एक परतीचा पाइप टाकायचा आणि छोट्या पंपाने पाणी पहाटे पाइपातून फिरवत ठेवायचं, म्हणजे नळाशी गरम पाणी तयार मिळतं. नव्या, नीट बांधलेल्या इमारतींत हे असतं. आमच्या जुन्या इमारतीच्या डक्टमध्ये आणखी एक पाइप उतरवायला जागा नव्हती, आणि वरच्या मजल्यावरच्यांना त्याची गरजच नव्हती. त्यांचं चुकत होतं असंही मी म्हणणार नाही. त्यांना नळ सोडला की अर्ध्या मिनिटात पाणी मिळत होतं.

लहानपणी आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. न्हाणीघराच्या दाराशीच तांब्याचा बंब असायचा, तांबट आळीतून आणलेला. नरक चतुर्दशीला पहाटे ४ वाजता आजी त्यात चिपाडं, गोवऱ्या घालायची, आणि उटणं लावून होईपर्यंत पाणी हाताशी. धूर होता, राख होती, ते दिवस परत यावेत असं मुळीच वाटत नाही. पण पाणी जिथे अंघोळ करायची तिथेच तापत होतं, एवढं मात्र लक्षात राहिलं होतं. सोलरची ती बादली रोज बघताना हे पुन्हा आठवायला लागलं.

मग ड्राय बाल्कनीत साधा गीझर का नाही लावला? लावता आला असता. बरेच लोक तेच करतात आणि खर्चाच्या दृष्टीने ते अगदीच चूक नाही. पण १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण ३ युनिट उष्णता लागते, आणि गीझर त्यासाठी तेवढीच वीज घेतो. त्याहून कमी विजेत ते काम कुठलाही तापणारा रॉड करू शकत नाही, मग त्यावर कितीही स्टार असोत. स्टारचा फरक पडतो तो तापलेलं पाणी टाकीत किती वेळ गरम राहतं यात. महिन्याकाठी ९०-१०० युनिट वाढले की महावितरणच्या बिलात आपण वरच्या टप्प्यात जातो, आणि शेवटचे युनिट सगळ्यात महाग पडतात.

हीट पंप पाणी स्वतः तापवत नाही. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसा हा बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून टाकीत टाकतो. वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला. त्यामुळे त्याच १०० लिटरसाठी एक-सव्वा युनिटमध्ये काम होतं. युरोपात बर्फात या यंत्रांना कष्ट पडतात; पुण्यात १० अंश म्हणजे त्यांना काहीच नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पावसाळ्यातली आहे. दमट हवेतली वाफ यंत्राच्या गार जाळीवर निवते आणि निवताना स्वतःची उष्णता देऊन जाते. ज्या जुलैत सोलर हात टेकतो, त्याच जुलैत हा उलट बरा चालतो.

आमच्याकडे दीडशे लिटरची टाकी ड्राय बाल्कनीत उभी आहे आणि बाहेरचा भाग एसीसारखा भिंतीला लावला आहे. न्हाणीघराचा नळ तिथून ४ मीटरवर. वेगळं मीटर मी लावलेलं नाही, त्यामुळे नेमका आकडा देत नाही. एवढं सांगतो की पूर्वी पावसाळ्यात आणि थंडीत सोलरच्या जोडीला विजेवर पाणी तापवायचो तेव्हा आमचं बिल हमखास ३०० युनिटच्या वर जायचं. हीट पंप आल्यापासून एकदाही गेलेलं नाही.

त्रास आहेत. पहिली किंमत. चांगल्या गीझरच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात, आणि घर भाड्याचं असेल तर विचारही करू नये. दुसरं, पाणी पटकन तापत नाही. टाकी संपली की पुन्हा भरून तापायला दोन-तीन तास जातात, म्हणून टाकी मोठी लागते. पाहुणे आले की अंघोळींचा क्रम ठरवावा लागतो. पाण्याने भरलेली टाकी दोनशे किलोच्या पुढे जाते, म्हणून ती जमिनीवरच उभी करा आणि जागा आधी जाणकाराला दाखवा. दुरुस्ती करणारे अजून कमी आहेत. आमच्याकडे एकदा सेन्सर बिघडला तेव्हा माणूस यायला ६ दिवस लागले, तेवढे दिवस गॅसवर पातेली चढवली. आणि आवाज. मोठा नाही, पण आहे. मी आधी टायमर दुपारी दोनचा लावला होता, कारण तेव्हा हवा सगळ्यात गरम असते. आईची वामकुक्षीची खोली त्याच भिंतीला लागून आहे. आता ११ ते १ लावतो. थोडी वीज जास्त जात असेल, जाऊ दे.

बंगला असेल, गच्ची तुमची असेल आणि टाकी न्हाणीघराच्या डोक्यावर येत असेल, तर मी आजही आधी सोलरचाच विचार करीन. फक्त आता गच्चीवर सौर विजेच्या पॅनलचीही दावेदारी आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पॅनलची वीज दुपारी हीट पंपाला मिळाली तर पाणी उन्हावरच तापतं, आणि जे ऊन उरतं त्यावर बाकीचं घर चालतं. पाणी तापवायच्या नळ्या मात्र मे महिन्यात गरज नसतानाही पाणी उकळत बसतात. गच्ची लहान असेल तर माझा कौल तिथेही पॅनल आणि हीट पंप या जोडीकडे झुकतो. वरच्या दोन मजल्यांवर राहणाऱ्यांनी मात्र सोसायटीचा सोलर असताना उगाच खर्च करू नये.

भाचा मधल्या मजल्यावर आहे. त्याला म्हटलं, ताबा घेण्याआधी बिल्डरला दोनच प्रश्न विचार: गरम पाण्याला परतीचा पाइप आहे का, आणि त्यावरचा पंप पहाटे चालू असतो का. उत्तर तोंडी घेऊ नकोस. तुझ्या खालच्या मजल्यावर राहायला आलेलं एखादं कुटुंब गाठ, त्यांची परवानगी घेऊन सकाळी सहाला एक बादली नळाखाली ठेव आणि पाणी कोमट होईपर्यंत ती किती भरते ते बघ. दोन-तीन तांबे भरत असतील तर सोलर वापर, पैसे वाचव. काल त्याचा फोन आला. बादली भरून वर दोन तांबे झाले होते. ड्राय बाल्कनीची मापं घ्यायला मी शनिवारी टेप घेऊन जाणार आहे.