व्हॉट्सॲपचा दुहेरी बाण : उपयोगी, पण अर्धवट समजलेली खूण

व्हॉट्सॲपवरचा एखादा संदेश मूळ लेखकापासून किमान पाच हातांतून फिरून आला, की त्यावर दुहेरी बाण उमटतो आणि तो अनेकदा फॉरवर्ड झाल्याची सूचना दिसते. राजकीय वाद चालणाऱ्या गटांत या खुणेचा उपयोग किती होतो, हे मी बराच काळ पाहत आलो आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवेमुळे, भिक्षा मागण्यासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात कंपनीने भारतासाठी एका वेळी जास्तीत जास्त पाच चॅटमध्येच संदेश फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली, पुढच्या वर्षी दुहेरी बाण आला आणि एप्रिल २०२० पासून असा बाण असलेला संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. ही आडकाठी मला मोलाची वाटते, कारण मजकूर न वाचता केवळ त्याच्या फिरण्याची मोजणी ठेवून ती घातली आहे.

जुलै २०२५ मध्ये कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी आणलेले महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या गटात एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, "बेकायदेशीर कृत्याची व्याख्या कुणी वाचली आहे का?" दहा मिनिटांत 'अर्बन नक्षल कसे ओळखावेत' असा दुहेरी बाणाचा लांबलचक मजकूर त्यांच्या प्रश्नाखाली येऊन पडला. विधेयकाची बाजू घेणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना तितक्याच तत्परतेने 'अंधभक्त' ठरवण्यात आले. बाईंच्या थोरल्या भावाला आणीबाणीत घरातून उचलून नेले होते आणि काकांचा भाचा गडचिरोलीत पोलीस दलात आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. दोघांची भीती खरी होती. पण शिक्का बसल्यावर ती बोलून दाखवायला दोघांपैकी कुणालाच जागा उरली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

बाणाचा खरा दोष मला त्याच संध्याकाळी कळला. मी खुणेकडे लक्ष वेधले, तेव्हा शेजारच्या तरुणाने प्रामाणिकपणे उत्तर दिले, "काका, इतक्या लोकांनी पाठवलंय म्हणजे त्यात तथ्य असणारच." सावध करण्यासाठी लावलेली खूण त्याला शिफारस वाटत होती. दुसरी त्रुटी अशी, की मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह, गटातल्या एका सभासदाच्या नावाने बाणाशिवाय आला.

तरीही ही सोय मी टाकाऊ म्हणणार नाही. मजकूर कुण्या परक्याचा आहे, एवढे तरी ती सांगते. मात्र तिचे शब्द बदलावेत : 'अनेकदा फॉरवर्ड' याऐवजी 'हे मूळ कुणी लिहिले, ते पाठवणाऱ्याला बहुधा माहीत नाही' असे स्वच्छ मराठीत लिहिले, तर त्या तरुणाचा गैरसमज झाला नसता.